दार उघडे, तरी वाट बंद : वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

काटपाडी जंक्शनवर दूरपल्ल्याची गाडी थांबली की डब्यांतून उतरणाऱ्यांत तमिळ बोलणारे थोडेच असतात. बंगाल, झारखंड, आसाम, त्रिपुरा, थेट बांगलादेश, अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेली कुटुंबे हाती क्ष-किरणांची पाकिटे नि अहवालांच्या पिशव्या घेऊन वेल्लोरची वाट धरतात. आपल्या मंडळ्यांतही वेल्लोरला जाऊन आलेला माणूस नाही असे गाव विरळाच. कुणाला मुलीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागले, कुणाची पुतणी तेथे परिचर्या शिकली. मात्र ज्या बाईंच्या जिद्दीतून हे सारे उभे राहिले, त्यांच्याविषयी आपल्याला एका रात्रीची गोष्ट तेवढी ठाऊक असते. रविवारच्या शाळेत ती सर्वांनी ऐकलेली आहे. त्या रात्रीनंतरची साठ वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत, आणि आज रुग्णालय चालविणाऱ्या कोणाही ख्रिस्ती मंडळाने अभ्यासावी अशी खरी गोष्ट त्या साठ वर्षांत आहे.

स्कडर हे घराणेच वैद्यक मिशनऱ्यांचे. आजोबा डॉ. जॉन स्कडर न्यूयॉर्कमधील उत्तम चाललेला व्यवसाय सोडून १८१९ साली सिलोनकडे निघाले. परदेशी सेवेस निघालेले ते पहिले अमेरिकन वैद्यक मिशनरी मानले जातात. पुढे ते मद्रासला आले. त्यांच्या मुलांनी अर्काट प्रांतात मिशनचे काम उभारले. चार पिढ्यांत या घराण्यातील चाळीसहून अधिक माणसे सेवेत उतरली. अशा घरी ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे आयडाचा जन्म झाला. भावंडांत ती सर्वांत धाकटी आणि एकटीच मुलगी.

बालपणीची तिची आठवण दुष्काळाची होती. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाख्यात जो भीषण दुष्काळ पडला त्यात लाखो माणसे दगावली. स्कडरांच्या अंगणात उपाशी मुलांच्या रांगा बसत. काही मुलांना हातात भाकरी धरण्याचेही त्राण नसे. लहानगी आयडा पावाचे तुकडे मोडून त्यांच्या तोंडी घालीत असे. अशा आठवणीने मूल सेवेकडे ओढले जाईल असे आपल्याला वाटते. झाले उलटेच. उष्मा, धूळ, दारिद्र्य आणि आईवडिलांचा वर्षानुवर्षांचा वियोग यांचा तिला मनस्वी वीट आला. अमेरिकेत, ड्वाइट मूडी यांनी स्थापिलेल्या नॉर्थफील्डच्या शाळेत शिकत असताना तिने मनाशी पक्के केले होते की घराण्यातील इतरांनी काहीही करो, आपण मिशनरी व्हावयाचे नाही. १८९० साली ती हिंदुस्थानात परतली ती केवळ आईच्या आजारपणामुळे. आई बरी होताच परतावयाचे, असा तिचा बेत होता.

तिंडीवनमच्या बंगल्यातील ती रात्र. दिव्याच्या उजेडात बसलेल्या आयडाकडे एक ब्राह्मण तरुण आला. त्याची किशोरवयीन पत्नी प्रसूतिवेदनांनी तळमळत होती आणि सुईणीने हात टेकले होते. आयडाने वडिलांचे नाव सुचविले. परपुरुषाने आपल्या स्त्रीला पाहावे हे त्याला मान्य नव्हते. तो निघून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ त्याच याचनेने आला, आणि तोही त्याच कारणाने परतला. मग तिसरा आला. तो पुन्हा हिंदू, वरच्या जातीचा. आयडाला वैद्यकाचा गंध नव्हता. पहाटे गावातून मृत्यूची वाद्ये ऐकू आली आणि चौकशीअंती कळले की तिघीही गेल्या. त्या सकाळी तिने आईवडिलांना आपला निर्णय सांगितला. अमेरिकेत जाऊन वैद्यक शिकावयाचे आणि येथल्या स्त्रियांसाठी परत यावयाचे.

ही कथा सांगताना आपण सामान्यतः पाचारणावर भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील एक बारकावा नजरेतून निसटतो. त्या रात्री डॉक्टर नव्हता असे नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत होता, अनुभवी होता आणि जावयास तयारही होता. औषधे कपाटात होती आणि दारही उघडे होते. तरीसुद्धा औषध आणि रोगी यांच्यामधली दहावीस पावलांची वाट बंद होती. रुग्णालय बांधले म्हणजे आरोग्यसेवा पोचली, या समजाचे इतके स्पष्ट खंडन दुसरे क्वचितच सापडेल. आज ती वाट रूढीपेक्षा पैशाने, अंतराने, रांगेने आणि कागदपत्रांनी अडते, एवढाच काय तो फरक.

येथे मराठी वाचकाला एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आयडाने १८९५ साली प्रवेश घेतला, त्याच महाविद्यालयातून नऊ वर्षे आधी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या होत्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आनंदीबाईंचे पहिले मूल योग्य उपचारांअभावी दहा दिवसांत गेले होते. त्या दुःखातूनच त्या डॉक्टर होण्याकडे वळल्या. १८८७ मध्ये, प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचे निधन झाले. दोघींची भेट होणे शक्य नव्हते, पण एकाच प्रश्नाने दोघींना एकाच इमारतीत नेले होते. आयडाने पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बदली घेतली. तेथे नुकताच स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता, आणि १८९९ मध्ये ती तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडली.

निघण्यापूर्वी तिच्यावर एक काम सोपविण्यात आले. वेल्लोरला स्त्रियांसाठी रुग्णालय बांधण्याकरिता आठ हजार डॉलर जमवावयाचे. पैसा मागणे तिला जड जाई. एका भगिनीच्या घरी ती आपली कैफियत मांडीत असताना शेजारच्या खोलीत बसलेले वयोवृद्ध बँकर श्री. शेल यांच्या कानी ते संभाषण पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतले आणि आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले. पुढील आयुष्यात डॉ. आयडांना पैशांसाठी किती दारे ठोठवावी लागली हे पाहिले, म्हणजे ही पहिली देणगी इतकी सहज मिळाली याचे नवल वाटते.

१९०० च्या आरंभी त्या वेल्लोरला पोचल्या. वडिलांच्या हाताखाली काही वर्षे शिकू, मग स्वतंत्र काम करू, अशी त्यांची कल्पना होती. काही महिन्यांतच वडील कर्करोगाने गेले. मागे राहिली एक अननुभवी तरुण स्त्री डॉक्टर आणि तिच्यावर विश्वास न ठेवणारे शहर. बंगल्यातील एका लहानशा खोलीत, एका खाटेवर, दवाखाना सुरू झाला. मदतीला होती सालोमी, स्वयंपाक्याची बायको. तिलाच पट्ट्या बांधणे, औषधे देणे शिकवून तयार केले. हळूहळू रोगी येऊ लागले आणि दोन वर्षांत त्यांची संख्या पाच हजारांवर गेली. १९०२ साली चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उभे राहिले.

इथेच बहुतेक चरित्रे समाधानाने विसावतात. डॉ. आयडा विसावल्या नाहीत, कारण रुग्णालयात येणारे रोगी पाहून त्यांच्या ध्यानात आले होते की आपल्याकडे येतो तो उशीर झालेला माणूस. गळू पिकून हाड सडलेले, डोळ्यावर भलताच पाला चोळून दृष्टी गेलेली, बाळ पोटात दोन दिवस आडवे राहिलेले. वेल्लोरहून गुडियात्तमच्या रस्त्याने आठवड्यातून एकदा त्या बैलगाडीने जाऊ लागल्या. १९०९ च्या सुमारास एक लहानशी प्युजो मोटार मिळाली. तो फुसफुसणारा राक्षस पाहून गावकरी प्रथम शेतात पळाले म्हणतात. पण थोड्याच दिवसांत ठरावीक वडाचिंचेखाली लोक वाट पाहत बसू लागले. झाड हाच दवाखाना. दात उपटणे, गळू फोडणे, डोळे धुणे, महारोग्यांच्या जखमा बांधणे, आणि खरोखर गरज असलेल्यालाच गाडीत घालून रुग्णालयात आणणे, असा हा क्रम होता. आज ज्याला प्राथमिक आरोग्यसेवा आणि पुढील उपचारासाठी पाठवणी असे भारदस्त नाव आहे, ते हेच. पुढे १९७७ मध्ये के. व्ही. कुप्पम भागात वेल्लोरच्या संस्थेने ग्रामीण आरोग्य व समाजकार्याचा जो विभाग सुरू केला, त्याचे मूळ याच रस्त्यावर शोधावे लागते. मोठ्या रुग्णालयाच्या खर्चाचा हिशेब मांडताना अशा रस्त्यावरच्या कामाची तरतूद सर्वांत आधी कापली जाते, हे आपल्या कार्यकारी मंडळांवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्यातून उत्पन्न येत नाही आणि त्याची कोनशिला बसविता येत नाही.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. एक डॉक्टर कितीही राबला तरी त्याला हात दोनच. १९०९ मध्ये त्यांनी परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. त्या काळी रोग्याची शुश्रूषा हे हलके काम गणले जाई. चांगल्या घरच्या मुली त्याकडे वळत नसत. ख्रिस्ती मुली पुढे आल्या, आणि आज देशभरच्या रुग्णालयांत ख्रिस्ती परिचारिकांविषयी जो आदर आहे त्याची पायाभरणी अशा लहानलहान शाळांतून झाली. वेल्लोरला १९४६ मध्ये परिचर्येचे पदवी महाविद्यालय झाले. त्याच मुली आता आखाती देशांत आणि इंग्लंडात जातात, आणि आपली लहान मिशन रुग्णालये परिचारिकांवाचून अडतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या पगाराचा आणि रात्रपाळीचा विचार करणे तेवढे सोपे नाही.

मग डॉक्टरांचे शिक्षण. उत्तरेत लुधियानाला डॉ. एडिथ ब्राऊन यांनी १८९४ मध्ये ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली होती. दक्षिणेतही असे काही हवे, हे डॉ. आयडा अनेक वर्षे सांगत होत्या. मद्रासच्या वैद्यक खात्याचे प्रमुख कर्नल ब्रायसन यांनी परवानगी दिली, पण तीनसुद्धा अर्ज येणार नाहीत असे भाकीतही केले. पहिल्याच वर्षी १५१ अर्ज आले आणि बहुतेकांना नकार कळवावा लागला. १२ ऑगस्ट १९१८ रोजी भाड्याच्या जागेत, मोजकी पुस्तके, एक सूक्ष्मदर्शक आणि एक सांगाडा एवढ्या सामग्रीवर शाळा सुरू झाली. पुरुषांच्या शाळांत पाचातला एखादाच पहिल्या परीक्षेत पार पडतो, तेव्हा निराश होऊ नये, असेही कर्नलसाहेबांनी बजाविले होते. वेल्लोरच्या सर्व मुली उत्तीर्ण झाल्या. १९२२ मध्ये पहिल्या तुकडीच्या चौदा जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांना मिळे ती एल. एम. पी. ही परवाना परीक्षा. पदवी नव्हे, पण खेड्यात आणि लहान दवाखान्यात काम करण्यास पुरेशी.

शाळा वाढली, तशी पैशाची निकड वाढली. अमेरिकेत ल्युसी पीबॉडी या कर्तबगार बाईंनी पौर्वात्य देशांतील सात महिला महाविद्यालयांसाठी मोहीम उभारली. त्यांत वेल्लोरबरोबर लखनौचे इझाबेला थॉबर्न महाविद्यालय आणि मद्रासचे विमेन्स ख्रिश्चन कॉलेजही होते. रॉकफेलर निधीने दहा लाख डॉलर देऊ केले, पण अट अशी की आधी तुम्ही वीस लाख जमवा. गावोगाव भाषणे देत, स्त्रियांच्या मंडळांतून नाणी गोळा करीत, ती रक्कम पुरी झाली. न्यूयॉर्कहून आलेल्या कुमारी गर्ट्रूड डॉड या सधन स्नेही १९१६ पासून वेल्लोरलाच राहिल्या आणि हिशेबापासून गरीब मुलींच्या फीपर्यंत सर्व भार वाहू लागल्या. शहरात नवे रुग्णालय झाले, टेकडीच्या पायथ्याशी बागायम येथे महाविद्यालयाच्या इमारती झाल्या. १९२८ मध्ये महात्मा गांधीही येऊन पाहून गेले.

आणि १९३८ च्या सुमारास सारे धोक्यात आले.

मद्रास सरकारने ठरविले की यापुढे एल. एम. पी. चे शिक्षण बंद. डॉक्टर व्हावयाचे तर विद्यापीठाची एम. बी. बी. एस. पदवीच हवी. धोरण म्हणून ते चुकीचे नव्हते. पुढे १९४६ मध्ये भोर समितीनेही डॉक्टरांची एकच श्रेणी असावी असे सुचविले. पण वेल्लोरपुढे त्याचा अर्थ काय झाला? उच्च पदव्या असलेले अनेक नवे प्राध्यापक हवे, खाटा वाढवावयास हव्यात, पुरुष रुग्णांचे विभाग हवेत, प्रयोगशाळा हव्यात, आणि हे सर्व ठरावीक मुदतीत, जगात युद्ध पेटलेले असताना. डॉ. आयडा तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. शाळा सन्मानाने बंद करून केवळ रुग्णालय चालवावे, असा सल्ला देणारे हितचिंतक कमी नव्हते.

तेवढ्यात दुसरा प्रश्न उभा राहिला. एवढा खर्च एकट्या महिला महाविद्यालयाला पेलणे अशक्य. निरनिराळ्या मिशनांनी मिळून एकच मोठे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय काढावे आणि ते पुरुषांनाही खुले असावे, असा विचार पुढे आला. डॉ. आयडांनी तो स्वीकारला. पीबॉडीबाईंनी कडाडून विरोध केला. हा पैसा स्त्रियांनी स्त्रियांसाठी, पै पै करून दिलेला आहे; पुरुष आले की स्त्रिया मागे रेटल्या जातील, असे त्यांचे म्हणणे. आज मागे वळून पाहता त्यांची भीती पोकळ होती असे म्हणवत नाही. ज्या संस्थेची निर्मितीच स्त्रियांसाठी झाली, तिचा मूळ हेतू बाजूला ठेवून ती वाचवावयाची की मूळ हेतूशी इमान राखून तिला मरू द्यावयाचे, असा हा पेच होता. दोन्ही बाजूंना प्रार्थना करणारी माणसे होती. अनेक वर्षांचा स्नेह या वादात दुरावला. डॉ. आयडांनी आपला निर्णय बदलला नाही. १९४१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्या अमेरिकेत गेल्या आणि युद्धाची वर्षे गावोगाव फिरून पैसा आणि माणसे मागत राहिल्या. १९४२ मध्ये मद्रास विद्यापीठाने तात्पुरती संलग्नता दिली, १९४७ मध्ये पुरुष विद्यार्थी आले, १९५० मध्ये कायम मान्यता मिळाली. या संक्रमणात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन आणि त्यांच्यामागून डॉ. हिल्डा लाझरस यांनी धुरा वाहिली. भारतीय स्त्रीच्या हाती संस्था सोपविली गेली, हे डॉ. आयडांना आपल्या हयातीत पाहावयास मिळाले.

या निर्णयाची किंमत कोणी दिली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. दर्जा वाढला, पण खेड्यात जाऊन बसणारा तो साधा परवानाधारक डॉक्टर देशातून नाहीसा झाला. पदवीधर शहरात राहिला. ती पोकळी अजून भरलेली नाही. म्हणून तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद करावी लागली, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी तिला विरोध केला. ऐंशी वर्षांपूर्वीचा वाद नव्या वेषात परत आला आहे. वेल्लोरने आपल्यापुरते एक उत्तर काढले. मंडळ्यांनी व मिशनांनी विद्यार्थ्यांची शिफारस करावयाची आणि शिक्षणानंतर त्या विद्यार्थ्याने ठरावीक काळ मिशन रुग्णालयांत सेवा द्यावयाची. ओरिसाच्या वा छत्तीसगडच्या एखाद्या दूरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारा तरुण डॉक्टर भेटला तर तो बहुधा या वाटेनेच आलेला असतो. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या सक्तीने हीच वाट अडते, अशी संस्थेची भूमिका होती, आणि २०१७ मध्ये तिने एका जागेचा अपवाद वगळता एम. बी. बी. एस. चे प्रवेशच थांबविले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही ती परीक्षा बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. परीक्षेने गुणवत्ता मोजता येते हे खरे. खेड्यात राहण्याची तयारी तिच्यात मोजली जात नाही, हेही तितकेच खरे.

मध्यंतरी देशातील कितीतरी मिशन रुग्णालये बंद पडली वा नावापुरती उरली. परदेशी मदत आटली, यंत्रे महागली, नियम वाढले, शेजारी खाजगी रुग्णालये झाली. वेल्लोर टिकले आणि वाढले. १९४८ पासून डॉ. पॉल ब्रँड यांनी महारोग्यांच्या आखडलेल्या हातांवर केलेल्या शस्त्रक्रिया आणि १९७१ मधील मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण या गोष्टी वैद्यकाच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. तरी वाढीबरोबर गर्दी आली, आणि गर्दीबरोबर दिवसचे दिवस पाळीची वाट पाहणे आले. ज्याला जवळच्या तालुक्यात बरे करता आले असते तो हजार कोस प्रवास करून येथे येतो, यात वेल्लोरचे जेवढे भूषण आहे तेवढेच त्या तालुक्याचे दैन्य आहे. रोग्याला अर्ध्या वाटेवर गाठण्यासाठी त्या जुन्या मोटारीतून निघालेल्या बाईंना हे दृश्य पाहून काय वाटले असते, असा विचार मनात येतो.

१९४६ मध्ये डॉ. आयडा निवृत्त झाल्या आणि कोडाईकनालच्या डोंगरावर हिलटॉप या घरी राहू लागल्या. बागेची त्यांना फार आवड. वेल्लोरला त्यांचे जाणेयेणे चालूच असे, आणि आल्या की नव्या इमारतींपेक्षा माणसांचीच चौकशी अधिक करीत. केवळ डॉ. आयडा, इंडिया, एवढाच पत्ता लिहिलेले पत्र त्यांना बिनचूक पोचल्याचे सांगतात. २४ मे १९६० रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले. देह वेल्लोरला आणण्यात आला, आणि ज्या शहराने साठ वर्षांपूर्वी त्यांच्या एकखाटी दवाखान्याकडे पाठ फिरविली होती, ते रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. गुडियात्तमच्या रस्त्यावरील झाडांखाली ज्यांच्या जखमा बांधल्या गेल्या होत्या त्यांची मुलेनातवंडेही त्या गर्दीत असतीलच.